पंप उगाच बदलला का? एका कमेंटला उत्तर

भाऊ, कमेंट वाचली, आणि एवढी मोठी लिहिली म्हणून बरंही वाटलं, नाही तं लोक नुसतं "कितीले पडला" विचारून निघून जातात. मी माझ्या गाडीचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल देणारा पंप, बदलला, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पंप चांगलाच होता, मेकॅनिकनं मला गंडवलं, फिल्टर बदलून अन् एअर काढून काम झालं असतं. नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या, पाइपचा नट ढिला करून सेल्फ मारला असता तं दोन मिनिटात समजलं असतं. वंगण म्हणून टाकीत थोडं टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल, टाकायचं, आणि बदलायचाच होता तं भंगारात अर्ध्या पैशात भेटला असता.

आधी त्या नटाचं बोलतो, कारण बाकी सगळ्यात पैसे जातात, यात हात जातो. तुमची जुनी डीआय, म्हणजे जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, तिच्यात पंपच प्रत्येक नोझलला वेगळं डिझेल मोजून देतो, तिथे नट ढिला करून एअर काढणं आपल्याकडे ट्रॅक्टरवाला पोट्टाही करतो अन् बरोबरच करतो. माझी कॉमन रेल आहे. तिच्यात पंप नुसतं प्रेशर बनवतो, ते रेलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जाड नळीत, साठतं आणि कोणत्या इंजेक्टरनं (हिच्यातलं नोझल) कधी उघडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. लोडवर हे प्रेशर १६०० बारच्या आसपास जातं. ढिल्या नटातून निघालेली बारीक धार कातड्यातून सरळ आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, अन् आत डिझेल पसरत जातं, मग ऑपरेशन, कधी बोटही काढावं लागतं. कॉमन रेलवाल्यांनी हे करू नका, एवढीच विनंती.

आता पंपावर संशय काहून आला ते. थंड गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, पण परतवाड्याहून घटांगचा चढ चढून थोडं थांबलो की गरम इंजिन चालूच होत नसे, सेल्फ मारत राहा. चढावर पिकअप जायचा, चेक लाइट लागायचा. स्कॅनर लावला तं पी००८७, म्हणजे रेलचं प्रेशर कमी. गरम डिझेल पातळ होतं आणि घासलेल्या पंपात आतल्या आत गळतं, म्हणून गरम असतानाच त्रास जास्त.

पण हा कोड म्हणजे पंप गेला असं नाही, इथे तुमच्याशी मी सहमत आहे. म्हणून आधी फिल्टर नवा टाकला, पाणी काढलं, फिल्टर अन् पंपाच्या मधात पारदर्शक पाइप लावून पाहिला, बुडबुडा नाही, म्हणजे एअर घेत नाही. मग टाकीच बायपास करून पंपाला सरळ स्वच्छ कॅनमधून डिझेल दिलं, तरी तेच. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जायच्या नळीला, बाटल्या लावल्या, चारही बाटल्या जवळपास सारख्याच भरल्या. एखादी भरभर भरली असती तं दोष त्या इंजेक्टरचा निघाला असता अन् पंप वाचला असता. रेलच्या रिटर्न व्हॉल्व्हमधूनही गळत नव्हतं. तरी सेल्फ मारताना जेवढं प्रेशर ईसीएम मागत होता तेवढं बनतच नव्हतं.

शेवटी पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, काढला. त्याच्या बारीक जाळीवरचं डिझेल पांढऱ्या फडक्यावर टिपलं आणि उन्हात धरलं तं सगळी चमकी. धातूची. तिथेच विषय संपला, पंप स्वतःलाच खात होता.

टू-टी ऑइलचं म्हणाल तं तुमच्या मनातली शंका चुकीची नाही. या पंपाला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. बीएस-६ मध्ये १ एप्रिल २०२० पासून सल्फर १० पीपीएमवर आलं, पण वंगणासाठी कंपन्या त्यात अॅडिटिव्ह टाकतात आणि त्याचं मानकही आहे. आपल्याकडे घात वेगळ्याच गोष्टीनं होतो. पावसाळ्यात आतल्या गावात ड्रममधलं, कॅनमधलं डिझेल घ्यावं लागतं, त्यात पाणी असतं, कधी रॉकेलही. अशा डिझेलनं पंप घासला, आता वरून ऑइल ओतून घासलेला धातू परत येणार आहे का? आणि डीपीएफवाल्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या, गाडीत तं ते टाकूच नका, राख जमते.

भंगारातला पंप तुमच्या डीआयला चालेल, टेस्ट बेंचवर लावून घेतला तं. इथे कोणाच्या गाडीतून काय डिझेल खाऊन निघाला हे माहीत नसताना मी तो नव्यानं साफ केलेल्या लाइनवर लावणार नाही. चमकी निघाली की नुसता पंप बदलून भागत नाही, हे पैसे मला पण जड गेले: टाकी उतरवून धुतली, पाइप, रेल साफ, इंजेक्टर अमरावतीला पंपवाल्याकडे बेंचवर चढवले, फिल्टर परत नवा. पंपही कोरडा नाही बसवायचा, आत डिझेल भरायचं, हातपंपानं प्रायमिंग करायचं आणि मगच सेल्फ, नाही तं नवा पंप पहिल्याच दिवशी घासला जातो.

राहिलं तुमच्या डीआयचं. हिवाळ्यात सकाळी पांढरा धूर येतो अन् थोड्या वेळानं जातो असं तुम्ही लिहिलंय, तं पंपाला हात लावायच्या आधी नोझल उतरवा आणि टेस्टरवर फवारा कसा पडतो, टपकतं का, ते समोर उभं राहून पाहा. तिथे ठीक निघालं तं पंपाचं टायमिंग अन् कॉम्प्रेशन तपासायला सांगा.