‘घरच्यासारखंच वागवतो’ म्हणणारा डोरियन

डोरियन पेव्हसला ‘चिखलातलं कमळ’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

डोरियन हा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ या व्हिडिओ गेममधला जादूगार. तो न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेव्हिंटर हे त्या जगातलं उत्तरेकडचं साम्राज्य. दक्षिणेत जादूगारांना मनोऱ्यांत कोंडून वर पहारा बसवतात, टेव्हिंटरमध्ये तेच जादूगार राज्य करतात. बड्या घराण्यांत स्थळं जुळवतात तीही पुढच्या पिढीत जादू आणखी कसदार उतरावी म्हणून. रक्तजादूला, म्हणजे रक्त सांडून करायच्या जादूला, कागदोपत्री बंदी, आतून भल्याभल्यांचे हात रंगलेले. आणि हा सगळा डोलारा उभा गुलामांच्या जिवावर. डोरियन तिथल्या एका मॅजिस्टरचा, म्हणजे राज्यकर्त्या जादूगाराचा, वारस. पिळदार मिशी, एक खांदा उघडा टाकणारे कपडे, जिभेला धार, आणि आपण देखणे आहोत याबद्दल त्याच्या मनात तीळमात्र शंका नाही. पहिल्यांदा भेटतो तेच स्वतःच्या गुरूविरुद्ध आपल्याला सावध करायला.

गेम आपल्याकडे रीतसर आलाच नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऐन वेळी भारतातली विक्री मागे घेतली, कारण दिलं अश्लीलतेच्या कायद्याचं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि डोरियनला पुरुष आवडतात. बहुतेकांनी बोट तिकडेच दाखवलं.

मी तो खेळलो दोन वर्षांनी, लंडनला मावशीकडे गेलो होतो तेव्हा, मावसभावाच्या कन्सोलवर. मावशी सोफ्यावर मटार सोलत बसलेली. रेडक्लिफच्या खानावळीतला प्रसंग सुरू झाला. खानावळ रिकामी, जिन्यावरून एक म्हातारा उतरतो. डोरियनचा बाप. निरोप दिला होता घरचा एक जुना नोकर भेटायला येईल म्हणून, आणि आला हा स्वतः. मग कळतं की रक्तजादू म्हणजे दुबळ्यांचा आधार असं ज्यानं पोराला शिकवलं, तोच बाप पोरगा ठरलेल्या लग्नाला उभा राहात नाही म्हटल्यावर रक्तजादूनंच त्याचं मन बदलायला निघाला होता. घराण्याचं नाव राहावं म्हणून. डोरियनचा आवाज तिथे फुटतो. एरवी दर वाक्याला कोटी करणारा माणूस.

मावशीनं सोलायचं थांबवून विचारलं, “बाप ना रे तो? काय केलंन त्यानं?”

मी जमेल तसं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “माफी मागितलीन का पण?”

आता गंमत अशी की ते ठरवणं माझ्याच हातात होतं. डोरियनला घेऊन सरळ बाहेर पडता येतं, किंवा बापाचं ऐकून घे म्हणता येतं. मी ऐकून घे म्हटलं. बाप माफी मागतो. खरं सांगायचं तर आजही मला तो निर्णय बरोबर होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण मी डोरियनच्या प्रेमात पडलो ते या प्रसंगामुळे नाही. त्याला गुलामगिरीबद्दल विचारा एकदा. हा शहाणा, संवेदनशील, स्वतः घरातून पोळून निघालेला माणूस आपल्याला शांतपणे सांगतो, की तुमच्याकडे गरिबाला झोपडपट्टीत कुजण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आमच्याकडे निदान तो स्वतःला विकू शकतो, बायकापोरांना पोसू शकतो. आणि आमच्या घरी तर गुलामांना नीटच वागवतात.

मी ताडकन उठून बसलो. कारण हे वाक्य मी मराठीत ऐकलंय. लग्नाच्या पंगतीत, जुन्या वाड्याच्या आठवणी निघाल्या की. “आमच्याकडे गड्यांना घरच्यासारखंच वागवायचे हो.” सांगणारी माणसं वाईट नसतात. तेच तर अवघड असतं.

लेखकानं डोरियनला इथे धुऊन-पुसून घेतलेलं नाही. कमळाला चिखल लागत नाही म्हणतात, याच्या तर गुडघ्यापर्यंत लागलाय आणि निम्मा त्याला दिसतही नाही. टोकलं की तो अडखळतो, याचा आपण कधी विचारच केला नाही हे त्याच्या लक्षात येतं. एवढंच. पायाशी लोळण घेऊन पश्चात्ताप वगैरे नाही. आणि तरीही टेव्हिंटर वाईट आहे, टाकून द्या, असं तो म्हणत नाही. तिथलं अन्न, तिथली शहरं आठवून हळवा होतो.

म्हणून याच मालिकेतल्या पुढच्या गेमनं, ‘वेलगार्ड’नं, माझी निराशा केली. २०२४ मध्ये अखेर मिनराथस, म्हणजे टेव्हिंटरची राजधानी, आतून बघायला मिळाली. डोरियनही आहे. पण ज्या गुलामगिरीवरून इतकी वर्षं वाद घातला, ती रस्त्यावर जवळपास दिसतच नाही! नुसतीच दिव्यांची रोषणाई आणि पाऊस. मग हा माणूस लढतोय कशाशी?

मला त्याचा शेवट ‘ट्रेसपासर’मध्येच झालेला आवडतो. तो ‘इन्क्विझिशन’चा २०१५ चा जोडभाग.

मावशीनं मध्यंतरी फोनवर अचानक विचारलं, “त्या मिशीवाल्याचं काय झालं रे पुढे?”

“गेला परत. बापाची खुर्ची मिळाली त्याला.”

“म्हणजे बाप गेला?”

“हो. मारला कुणीतरी.”

“मग नीट बोलणं झालं होतं का त्यांचं, त्याआधी?”