बेरीज १० आली म्हणजे डिप्रेशन झालं?

घराघरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'हे नऊ प्रश्न सोडवा. बेरीज १० किंवा जास्त आली तर तुम्हाला डिप्रेशन आहे. ५ च्या आत असेल तर मन ठणठणीत, डॉक्टरांकडे जायची गरज नाही. रोज भरा, स्कोअर बघत राहा.'

प्रश्न खरे आहेत. ते पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीतले, प्रत्येक उत्तराला ० ('कधीच नाही') ते ३ गुण. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के यांनी ती तयार केली आणि जगभरचे डॉक्टर ती वापरतात. मेसेजमधले बाकीचे दावे मात्र तपासायलाच हवेत.

'१० म्हणजे डिप्रेशन.' अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर १० ही रेषा आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण ८८ जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरांपैकी साधारण ८५ जणांना सोडून देते. ऐकायला उत्तम. आता गावातली १००० माणसं घ्या आणि त्यांतल्या ५० जणांना डिप्रेशन आहे असं धरा. त्यांतले ४४ सापडतील. पण निरोगी ९५० पैकीही सुमारे १४२ जण १० च्या पुढे जातील. म्हणजे रेषेपलीकडच्या दर चौघांत आजारी जेमतेम एक. उरलेल्या तिघांपैकी कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असेल, कुणाचं हिमोग्लोबिन उतरलेलं, कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं. बाळंतिणीचंच बघा: झोप नाही, थकवा आहे, भुकेचं तंत्र बिघडलंय, तीन प्रश्नांचे गुण तान्ह्या बाळामुळेच वाढतात. म्हणून तर बाळंतिणींसाठी १९८७ साली एडिंबरा प्रश्नावली वेगळी काढली गेली.

'५ च्या आत असेल तर डॉक्टर नको.' वरच्या हिशेबात ५० पैकी ६ जण १० ची रेषाही न ओलांडता निसटले, हे विसरू नका. शिवाय नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना फॉर्म भरणारी बाई खरं किती लिहील?

'रोज भरा.' प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहे. रोजच्या चढउतारातून हाती काही लागत नाही, घोर मात्र वाढतो.

म्हणून प्रश्नावली फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच प्रश्नावली वापरली. १५ किंवा त्याहून जास्त गुण आलेल्यांशी तिथले प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेले समुपदेशक सहा ते आठ बैठकांत बोलले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या लोकांना जास्त बरं वाटलं. आकड्यामागे बोलायला माणूस उभा होता. मेसेजमध्ये तोच गाळलाय. आणि १० आले म्हणून शेजारणीला चालू असलेली गोळी आणून सुरू करणं तर धोक्याचंच: आजार बायपोलर (कधी डिप्रेशन, तर कधी उन्माद म्हणजे अतिउत्साहाचा झटका) असेल, तर निव्वळ डिप्रेशनच्या गोळीने माणूस उन्मादात जाऊ शकतो. हा फरक नऊ प्रश्नांतून कळत नाही, डॉक्टरांना आधीचा सगळा इतिहास विचारावा लागतो.

मेसेजमधली सगळ्यात गंभीर चूक नवव्या प्रश्नाबद्दलची आहे. 'मेलेलं बरं' किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा तो प्रश्न. बाकी आठांना शून्य आणि इथे एकच गुण असेल, तर बेरीज १ होते, आणि मेसेजच्या हिशेबाने मन ठणठणीत! या उत्तराकडे बेरजेपासून वेगळं बघायचं असतं. तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणाचं तसं उत्तर दिसलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.