घासागणिक एक गाडी

मूल जेवत नाही ही तक्रार आता जुनी झाली. फोन तांब्याला टेकवून उभा करा, यूट्यूबवर जीटीए फाइव्ह या लुटालुटीच्या गेमचा व्हिडिओ लावा, आणि त्यातल्या फ्रँकलिनने गाडीवाल्याला दार उघडून बाहेर ओढलं की वरणभाताचा पहिला घास भरवा. दुसरा, पोलीस मागे लागल्यावर. तोंड उघडंच असतं. आमच्याकडे या पद्धतीने दोडकासुद्धा पोटात गेलाय. तो दोडका होता हे चिरंजीवांना अजून कळलेलं नाही.

आजीने विचारलंच तर 'कार्टून आहे' म्हणा. खोटं कुठाय? लाल शर्ट, पिवळी चड्डी, साक्षात शिनचॅन! उलट उत्तरं देतो, वात्रटपणा करतो म्हणून 2008 साली सरकारने त्याची मालिका काही काळ बंद केली होती. आता सुधारला हो पोरगा. कोणीतरी त्याला जीटीए फाइव्हमध्ये नेऊन घातलाय. तिथे लुटालुटीतून उलट बोलायला सवडच मिळत नाही.

2013च्या या गेमच्या डब्यावर युरोपात वयाचा, 18चा आकडा छापतात. घाबरायचं नाही. तो खेळणाऱ्यांसाठी. आपलं बाळ खेळतंय कुठे, ते नुसतं बघतंय! दुसऱ्याने खेळलेला गेम बघायला ना डबा लागतो, ना आकडा. फक्त मागे उभं राहून बघायची चूक करू नका. मी परवा केली. फुटपाथवरून चाललेली एक बाई गाडीखाली आली आणि खेळणारा दादा खिदळत म्हणाला, "सॉरी आंटी!" आमचं साडेपाच वर्षांचं रत्न इतकं हसलं की भात नाकात गेला.

काही हितचिंतक यूट्यूब किड्स सुचवतील. त्या वाटेला जाऊ नये. त्याच्या सेटिंगमध्ये शिरायला आईबापांनाच गुणाकार घालतात. दिवसभर ऑफिसात राबून आल्यावर सात आठे किती, हे कोण आठवणार? वर 2017मध्ये तिथेही एल्सा आणि स्पायडरमॅनचे भलतेसलते व्हिडिओ घुसले होतेच, हे ठणकावून सांगावं. म्हणजे काहीच न करायला आपण मोकळे.

आणि भाषेचा फायदा वेगळाच. पहिलीपासून हिंदीवरून 2025मध्ये केवढं रण पेटलं, शासनाला दोन जीआर मागे घ्यावे लागले. आमच्या घरात या व्हिडिओंतून हिंदी त्याआधीच आली होती, तीही शिव्यांसकट. ती कशी मागे घेणार?

रविवारी आजोबांनी स्कूटर बाहेर काढली. "बसतोस का रे पुढे?"

तो धावत गेला आणि त्यांचा शर्ट धरून ओढायला लागला. "आजोबा, आधी तुम्ही खाली पडा ना! गाडी अशी नाही घ्यायची."

"बघ," आजोबा मला म्हणाले, "म्हाताऱ्याला उतरायला हात देतोय."