वस्ती उठवण्याआधी रस्ते आखा

शहरातल्या गर्दीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाहेरून येणारे हे लोंढे आधी थांबवा." मला हे बोलणं मनापासून खटकतं. घरदार सोडून एका खोलीत पाच-सहाजणांनी राहायची हौस कुणाला नसते. मागे असते पावसाच्या भरवशावरची शेती, वाटण्या होत होत उरलेला जमिनीचा तुकडा आणि आजारपणात कोसभर चालल्याशिवाय न भेटणारा डॉक्टर. पुढे निदान रोजचं काम मिळायची शक्यता असते. निघणाऱ्याने हा हिशोब नीट करूनच पाऊल उचललेलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातल्या शहरांत आणखी सुमारे २५० कोटी माणसांची भर पडेल, आणि त्यातली जवळपास ९० टक्के आशिया आणि आफ्रिकेत. एवढ्या माणसांना अडवणार कोण आणि कसं? १९९० साली नायजेरियातल्या लागोस शहरात लष्करी राजवटीने मारोको नावाची वस्ती बुलडोझर लावून भुईसपाट केली. सुमारे ३ लाख माणसं उघड्यावर आली. म्हणून लागोस वाढायचं थांबलं का? अजिबात नाही. फक्त त्या माणसांनी पै-पै साठवून उभं केलेलं मातीत गेलं.

माणसं येणारच आहेत. मग ती येण्याआधी काय करून ठेवायचं, याबद्दल आपण का बोलत नाही?

या बाबतीत मला टांझानियाचं उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. १९७० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथल्या सात शहरांमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने दोन प्रकारची कामं झाली. काही ठिकाणी मोकळ्या जमिनीवर आधी भूखंड पाडले, रस्ते आखले, पाण्याच्या मुख्य वाहिन्या टाकल्या. घर मात्र ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. दुसऱ्या ठिकाणी आधीच वाढलेल्या वस्त्यांत शिरून रस्ते आणि नळ देण्याचा प्रयत्न झाला. काही दशकांनंतर अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर आधी आखलेल्या भागांत घरं मोठी, रांगेत, पाणी-वीज बरी होती. नंतर डागडुजी केलेल्या वस्त्यांमध्ये मात्र असा ठळक फरक दिसला नाही. आखलेल्या भागात पुढे शिकलेली, बऱ्यापैकी कमावती माणसं जास्त आली, हेही खरं. अगदी गरिबासाठी आणखी काहीतरी करावं लागेल, हे मला मान्य आहे. पण क्रमाचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

कारण सरळ आहे. मोकळ्या माळावर रस्त्याची जागा सोडायला खुंट्या, दोरी आणि कागद पुरतो. तीच जागा वस्ती झाल्यावर हवी असेल तर घरं पाडावी लागतात, कोर्टात जावं लागतं, नुकसानभरपाई द्यावी लागते. आपण बहुतेक सगळीकडे तहान लागल्यावर विहीर खणतो, आणि तोवर तिथे राहणारी बाई टँकरच्या पाण्याला नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट पैसे मोजत असते. गरिबाला शहर स्वस्त पडतं, हा गैरसमज आहे.

न्यूयॉर्कने १८११ साली रस्त्यांचा आराखडा केला, तेव्हा तिथे लाखाच्या आसपास लोक होते. आखलेल्या बहुतेक जागेवर शेतं आणि टेकड्या होत्या. आखणाऱ्यांकडे संगणक नव्हते, उपग्रह नव्हते. शहर वाढणार, एवढं त्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं.

आधीच वसलेल्या वस्त्यांचं काय? त्यांना वाऱ्यावर सोडा, असं मी चुकूनही म्हणणार नाही. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने लोकांनी गल्लीगल्लीत एकत्र येऊन, स्वतःचे पैसे घालून भूमिगत गटारं टाकली. सरकारने मोठ्या वाहिन्यांचं बघावं, गल्लीतलं आम्ही करतो, अशी ती वाटणी. कोलंबियातल्या मेदेयिनने २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या केबल कारने मेट्रोला जोडल्या. दोन्हीकडे वस्तीतल्या माणसाला शहराचा माणूस मानलं, आणि ही गोष्ट मला गटारं आणि केबल कारइतकीच मोलाची वाटते.

शहर जे देतं ते दुसरीकडे सहसा मिळत नाही. एकाच नळवाहिनीवर शेकडो घरं चालतात, एका दवाखान्यात हजारो माणसं पोहोचू शकतात, मुलीला शाळा सोडावी न लागता पुढे शिकता येतं, जन्माने चिकटलेली ओळख थोडी तरी सैल होते. हे सगळं दाटीमुळेच शक्य होतं. रस्ते, पाणी आणि सांडपाण्याची सोय नसेल तर मात्र तीच दाटी कॉलरा आणते.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. नवा रस्ता झाला की लगतच्या जमिनीचा भाव चढतो, मालकाने काडीही न हलवता. कोलंबियाच्या १९९७ च्या कायद्याने सरकारी निर्णयामुळे अशा वाढलेल्या किमतीतला ३० ते ५० टक्के वाटा नगरपालिकांना घेता येतो. वसुली सोपी नाही, जमीनवाले जोरदार विरोध करतात. तरीही इतर देशांनी हे करून पाहायलाच हवं, आणि सुरुवात छोट्या शहरांपासून व्हावी. जगातले जवळपास निम्मे शहरवासी ५ लाखांहून कमी वस्तीच्या गावा-शहरांत राहतात. यातल्या अनेक ठिकाणी नगररचनेचा जाणकार माणूसही नसतो, पण शहराबाहेरचा माळ अजून मोकळा असतो.