एकच धून, अठरा ते नव्वद : 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'च्या संगीतावरचा एक चुकीचा दावा

थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरणारा दावा असा : जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या २००४च्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' या ॲनिमेशनपटासाठी संगीतकार जो हिसाइशी यांनी एकच गोड वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या युरोपीय नाचाची धून) लिहिला आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवून दोन तास भरले. चित्रपट तयार झाल्यावर संगीत वरून चिकटवलं. वाद्यवृंद हा नुसता थाट, एका कीबोर्डवर हे सगळं निघतं. धून अस्सल जपानी पंचस्वरी आहे, आणि शेवटचं गाणंही तिच्यावरच बांधलेलं आहे.

यातलं एक निरीक्षण खरं आहे. मुख्य धून खरोखरच खूपदा येते. चित्रपटातल्या संगीताच्या तुकड्यांपैकी निम्म्याहून जास्त तुकडे तिच्यावर उभे आहेत. पण त्यावरून काढलेला 'आळस' हा निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. बाकीचे मुद्दे तर तथ्यांवरच टिकत नाहीत.

पहिला मुद्दा, एकच धून पुन्हा पुन्हा वापरल्याचा, सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. सोफी ही अठरा वर्षांची टोप्या शिवणारी मुलगी. शापाने ती नव्वद वर्षांची म्हातारी होते. पुस्तकात हे लिहून भागतं, पडद्यावर मात्र मोठी अडचण होते. चेहरा बदलला, चाल बदलली, आवाजाचा पोत बदलला, तर ही तीच मुलगी आहे हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी आतून कसं वाटावं? त्यातून मियाझाकींनी तिचं वय एका जागी ठेवलेलंच नाही. झोपेत ती तरुण दिसते. राजाची जादूगारीण सुलिमान हिच्या दालनात हाउल या जादूगाराची बाजू घेऊन ती तळमळीने बोलू लागते तसतशा सुरकुत्या विरघळतात, आणि 'तुझं त्याच्यावर प्रेम आहे' हे ऐकताच ती पुन्हा म्हातारी होते. फुलांच्या कुरणात हाउल तिला सुंदर म्हणतो, तिचा विश्वास बसत नाही, आणि वय परत चढतं. डोळ्यांना इतकं सतत बदलणारं पात्र धरून ठेवायला कानांना काहीतरी न बदलणारं हवं. म्हणून एकच धून संपूर्ण चित्रपटभर चालवायची हा दिग्दर्शकाचा आग्रह होता. ती धून म्हणजे 'जीवनाचा मेरी-गो-राउंड'. ती कमी वेळा आली असती तर चित्रपटच कमकुवत झाला असता.

आता धून पाहा. पाश्चात्त्य 'जी' (G) या स्वराला सा धरला तर सुरुवात अशी : मंद्र पंचम, सा, कोमल गंधार, पंचम. मायनर कॉर्डच्या (कोमल गंधार असलेल्या स्वरसमूहाच्या) तीन स्वरांवरून पायरी पायरीने सरळ वर चढणं, आणि वरच्या पंचमावर थांबणं. मग म, कोमल ग, रे, कोमल ग असं हळूच खाली. दुसरं वाक्य एक पायरी वरून सुटतं : सा, कोमल ग, प, तार सा. हा आराखडा फार विचारपूर्वक निवडलेला आहे. पहिले चार स्वर कोणत्याही वाद्यावर, कोणत्याही लयीत, कितीही हळू वाजवा, ओळख पुसली जात नाही, कारण ओळख तालात नाही, चढण्यात आहे. ज्या धुनेची ओळख एखाद्या ठेक्यात किंवा हरकतीत असते, ती संथ केली की हरवते. इतकी रूपं घ्यायची असतील तर धून अशीच लागते. ख्यालात मुखडा प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी परत येतो आणि त्याला कुणी पुनरावृत्ती म्हणून नावं ठेवत नाही. ही उपमा फार ताणू नये, कारण इथे विस्तार रागाचा नाही, वाद्यांचा, लयीचा आणि स्वरसंवादांचा आहे. पण ऐकण्याची सवय तीच कामाला येते : काय परत आलं यापेक्षा ते कुठून आलं, याकडे लक्ष द्यायचं.

दोन ठिकाणं शेजारी ठेवून ऐकली तर हे लगेच उमगतं. सुरुवातीला सोफी दुकानात एकटी शिवत बसलेली असते तेव्हा धून पियानोवर येते, आतल्या आत. थोड्या वेळाने गल्लीत हाउल तिचा हात धरतो, पाठलाग करणारे काळे आकार जवळ येतात, दोघं एकदम छपरांच्या वर उचलली जातात आणि हवेतून चालू लागतात. तिथे त्याच चार स्वरांना पूर्ण तंतुवाद्यांचा झोका मिळतो, तीन मात्रांच्या पावलांवर. स्वर तेच. पहिल्या वेळी ती मुलगी स्वतःला कोपऱ्यात ठेवते आहे, दुसऱ्या वेळी कुणीतरी तिला चालायला लावलं आहे.

शिवाय 'फक्त एकच धून' हेही खरं नाही. गावातल्या सैनिकी मिरवणुकीचं पितळी वाद्यांचं कूच, 'आनंदी घोडदळ', ही वेगळी रचना आहे, दृश्यातल्या बँडने वाजवलेली. हाउलच्या लहानपणाचं रहस्य उलगडतं तिथला ट्रंपेटचा संथ एकलसूर हीसुद्धा स्वतंत्र धून आहे. साउंडट्रॅकच्या अल्बमवर एकूण २६ तुकडे आहेत. ते ओळीने, पडद्याशिवाय ऐकले तर सारखेपणा जास्त जाणवतो हे मान्य. पण अल्बममध्ये तुकड्यांमधली शांतता गळून पडलेली असते. चित्रपटात दोन रूपांच्या मध्ये कितीतरी मिनिटं फक्त लाकडाची करकर, वारा आणि संवाद असतात.

दुसरा मुद्दा, चित्रपट तयार झाल्यावर संगीत चिकटवल्याचा. इथे तारखाच बोलतात. चित्रपट जपानमध्ये २० नोव्हेंबर २००४ला लागला. 'इमेज सिम्फनिक सूट' नावाचा अल्बम त्याआधी दहा महिने, जानेवारी २००४मध्ये बाजारात होता. तो चेक फिलहार्मनिक या प्रागच्या वाद्यवृंदाने मारिओ क्लेमेन्स यांच्या संचालनाखाली वाजवलेला. म्हणजे चित्रं काढली जात असतानाच संगीताचा पहिला खर्डा संपूर्ण वाद्यवृंदासह तयार होता. ही या जोडीची जुनी पद्धत. १९८४च्या 'नाउसिका'साठीसुद्धा आधी १९८३मध्ये असा 'इमेज अल्बम' निघाला होता, आणि हिसाइशींना चित्रपटाचं काम मिळालं ते त्या अल्बममुळे. दिग्दर्शक ते संगीत ऐकत काम करतो, काही धुना पटतात, काही बाजूला पडतात. ट्रंपेटची ती धून प्रागच्या अल्बममधूनच चित्रपटात आली. मुख्य वॉल्ट्झ मात्र त्या अल्बममध्ये नव्हता, तो नंतर लिहिला गेला. एवढं संगीत हातात असताना पुन्हा कोऱ्या कागदावर बसून नवी धून शोधणं, याला आळस म्हणता येत नाही.

शेवटच्या टप्प्यात संगीत चित्रावर बसवतात हे खरं, पण 'चिकटवणं' आणि बसवणं यांत काय फरक आहे हे हिशेबाने पाहू. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. मिनिटाला १४४ मात्रांच्या लयीत एक मात्रा बरोबर १० फ्रेमची होते. वॉल्ट्झचा एक बार (तीन मात्रांचा गट) ३० फ्रेमचा, म्हणजे सव्वा सेकंदाचा, आणि ३२ बारची धून ४० सेकंदांची. समजा दृश्य ३७ सेकंदांचं आहे आणि दार बंद होऊन संपतं. शेवटचे दोन बार कापले तर ३७.५ सेकंद होतात, म्हणजे दार बंद झाल्यावर अर्धा सेकंदाने संगीत थांबतं, आणि तो अर्धा सेकंद प्रत्येकाला खटकतो. शिवाय आठ आठ बारच्या वाक्यांतून दोन बार गेले की वाक्य लंगडतं. लय १५६वर नेली तर वेळ जवळजवळ जुळते, पण झोका धावपळ बनतो. मग वाक्यच नव्याने लिहावं लागतं : मधला एक विसावा आखूड करायचा, शेवट वेगळ्या कॉर्डवर आणायचा, लय किंचितच वाढवायची. ३० बार आणि १४६ची लय घेतली तर ३७ सेकंद बरोबर भरतात. हे प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्रपणे करावं लागतं. तेच ध्वनिमुद्रण उचलून दुसरीकडे लावलं तर ते कापाकापीतच कळतं.

संवादाखाली धून ठेवायची असेल तर आणखी एक बंधन. बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या व्यंजनांमुळे. ओबो आणि ट्रंपेट यांचे उपस्वर नेमके तिथेच जोर करतात, म्हणून त्यांच्यावर धून दिली की शब्द झाकले जातात आणि मग मिश्रणाच्या वेळी संगीत इतकं खाली दाबावं लागतं की ते असून नसल्यासारखं होतं. बासरीचा मधला भाग, हलके चेलो, विरळ पियानो चालतात. एकच धून वेगवेगळ्या वाद्यांवर का फिरते याचं निम्मं उत्तर भावनेत आहे आणि निम्मं या साध्या भौतिकशास्त्रात.

तिसरा मुद्दा : कीबोर्डवर सगळं निघतं. ध्वनिमुद्रण तोक्योच्या न्यू जपान फिलहार्मनिकचं आहे. पियानोचा स्वर दाबल्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून विझतच जातो. धुनेतला चढून गाठलेला तो लांब पंचम तंतुवाद्यांवर वाढतो, फुलतो आणि मग पुढच्या स्वरात वाकतो. पियानोवर हे होऊ शकत नाही, म्हणून पियानोवादक तिथे डाव्या हाताची हालचाल वाढवून ती पोकळी भरतात. कीबोर्डवर 'स्ट्रिंग्ज'चा आवाज लावला तर स्वर टिकतो, पण सगळा समूह एकाच क्षणी, एकाच आकाराने सुरू होतो. खऱ्या समूहात प्रत्येक गज अगदी थोडा वेगळ्या क्षणी लागतो आणि त्यातूनच ती ऊब येते.

ही धून आपल्याकडे पेटीवर वाजवणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडं नेमकं. सा पांढरी पाच धरायचा. पहिले चार स्वर : पांढरी दोन, पांढरी पाच, काळी पाच, वरची पांढरी दोन. लांब पंचमावर भात्याचा दाब हळूहळू वाढवला तर पेटी इथे पियानोपेक्षा सरस ठरते. अडचण साथीची. डावा हात भात्यावर असल्याने खालचा खर्ज आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रांचे हलके कॉर्ड एकट्याला जमत नाहीत. ते दुसऱ्या वाद्यावर द्यावेत, आणि ते कॉर्ड तुटक वाजवावेत, धरून ठेवले की सगळं चिकट होतं. तबल्यावर दादरा धरला तर सर्वांत मोठी गल्लत होते. दादरा सहा मात्रांचा, चौथ्या मात्रेवर खाली. त्यामुळे दर दुसरा बार रिकामा पडतो. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर पाऊल जमिनीला लागतं. तबला ठेवायचाच असेल तर खाली काढून दर तीन मात्रांना डग्गा द्यावा.

'अस्सल जपानी पंचस्वरी' हा मुद्दा स्वर मोजूनच संपतो. जपानी संगीतात 'योनानुकी' म्हणजे शब्दशः चौथा आणि सातवा गाळलेला सप्तक. त्याचं मेजर रूप आपल्या भूपाच्या स्वरांचंच आहे. या धुनेत लांब पंचमानंतर लगेच मध्यम येतो, पुढे कोमल निषाद येतो आणि वाक्य संपवणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद. म्हणजे हा सरळ युरोपीय मायनर आहे, आणि असायलाच हवा. कथा डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेच्या १९८६च्या कादंबरीवरची. पडद्यावरचं गाव फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या कोल्मारसारख्या लाकडी चौकटींच्या घरांचं. ज्या जगात गणवेशातले सैनिक, बँड आणि राजवाडे आहेत, त्या जगाचं नृत्य वॉल्ट्झच. हिसाइशींना जपानी रंग हवा असतो तेव्हा ते तो वेगळ्या स्वरांनी आणतात.

इंग्रजी आवृत्तीत संगीत बदललं, अशीही एक जोड या दाव्याला कधी कधी दिलेली असते. तो प्रकार मियाझाकींच्याच १९८६च्या 'लापुता' या चित्रपटाचा. तिथे मूळ सुमारे तासाभराचं संगीत इंग्रजी आवृत्तीसाठी हिसाइशींनी स्वतःच नव्याने मांडून दीड तासाच्या आसपास नेलं. 'हाउल'च्या बाबतीत तसं घडलेलं नाही.

राहिलं शेवटचं गाणं, 'जगाचं वचन'. त्याची चाल हिसाइशींची नाही. ती युमी किमुरा यांची आहे, शब्द कवी शुंतारो तानिकावा यांचे, हिसाइशींनी फक्त वाद्यसंयोजन केलं. मुख्य धुनेवर ते बांधलेलं नाही. गायलं आहे चिएको बाइशो यांनी, म्हणजे ज्यांनी सोफीला आवाज दिला त्यांनीच, आणि अठरा व नव्वद या दोन्ही वयांना एकट्यांनीच दिला. नामावली सरकू लागते तेव्हा आधी हा आवाज येतो, आणि तो संपला की त्याच तुकड्यात पुन्हा वाद्यवृंद उठतो : मंद्र पंचम, सा, कोमल गंधार, पंचम.