बाल्कनीतला कुत्रा आणि 50 रुपयांचा दंड

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईच्या खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गाभा असा: "प्राणी क्रूरतेचा कायदा मारहाणीपुरता आहे. स्वतःचा कुत्रा बाल्कनीत बांधला, कमी खायला घातलं किंवा घर बदलताना सोडून दिला तर तो मालकाचा खासगी मामला. फार तर 50 रुपये दंड. पोलीस घरात येऊ शकत नाहीत. आणि भटक्या कुत्र्याला मालकच नसतो, मग गुन्हा कसला?"

पाच वाक्यं आहेत. त्यातलं दंडाचं तेवढं खरं, आणि त्याच्या आडून बाकीची चार खपून जातात.

"कायदा मारहाणीपुरता आहे."

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11(1) वाचा. मारहाण पहिल्याच उपकलमात आटोपते. पुढे हलताही येणार नाही असा पिंजरा (ई), अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं (एफ), सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवायला न नेणं (जी), पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं (एच) आणि उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं (आय) हे सगळे गुन्हेच आहेत. कलम 3 त्याहून व्यापक आहे: ज्याच्या ताब्यात प्राणी, त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी. मालक या शब्दाच्या व्याख्येत सध्या ताबा असलेला माणूसही येतो. मालक गावी गेलाय म्हणून सांभाळणारा नोकर किंवा बोर्डिंगवाला सुटत नाही.

पिंजऱ्यातला पोपट हा वेगळाच विषय. देशी पोपट पाळणं हाच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे पिंजऱ्याचं माप काढत बसू नये, वनविभागाला कळवावं.

"तो मालकाचा खासगी मामला."

नाही, वरची उपकलमं मालकालाही लागू होतात. पण इथे प्राणिप्रेमींच्या बाजूनेही एक चूक होते. साखळी अमुक फुटांची हवी, अमुक तासांवर बांधणं गुन्हा, असे आकडे तेही फिरवतात. कलमात फूटही नाहीत आणि तासही नाहीत, फक्त 'अवाजवी' हा शब्द आहे. म्हणून साखळी मोजण्यापेक्षा तिने आणि बाल्कनीने जनावराच्या अंगावर काय केलं ते दाखवावं लागतं.

पश्चिमेकडची बाल्कनी, वर पत्रा, खाली लादी, महिना एप्रिल. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो उष्णता बाहेर टाकतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती वाफ नीट उडत नाही. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 41 च्या वर गेलं की जीवावर बेततं. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1 ते 1.2 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सकाळी भरलेलं वाडगं साखळीत अडकून सांडलं की संध्याकाळपर्यंत तो कोरडाच. "पाणी ठेवलं होतं" हे मालकाचं म्हणणं तेव्हा खरंही असतं आणि बिनकामाचंही.

अंगावरच्या खुणा लपत नाहीत: गळ्यात रुतलेला पट्टा, वळून पंजात शिरलेली नखं, लघवीत उभं राहून सोलवटलेले तळवे, अळ्या पडलेली जखम. अंगकाठी पशुवैद्य 1 ते 9 च्या मापाने मोजतात. 4-5 म्हणजे ठीक. 1 म्हणजे बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं लांबूनही दिसतात. पण हडकुळा कुत्रा दिसला की लगेच उपासमारीची तक्रार करू नका. मूत्रपिंडाच्या आजारात किंवा कर्करोगात नीट सांभाळलेला कुत्राही असाच दिसतो. वजन, अंगकाठी, तापमान आणि जखमा लिहिलेला पशुवैद्याचा कागद नसेल, तर मालक "औषधं चालू आहेत" एवढं म्हणतो आणि प्रकरण तिथेच बसतं.

"दंड 50 रुपये."

बरोबर. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 1960 चे आकडे आहेत, लाज वाटावी असेच. पण दंड हा या कायद्याचा सगळ्यात लहान भाग आहे. या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनुसार खटला चालू असताना जप्त प्राणी पांजरापोळ किंवा प्राणिकल्याण संस्थेत ठेवता येतो आणि त्याचा खर्च आरोपीकडून घेता येतो. कलम 29 नुसार दोषी ठरलेल्याकडून प्राणी काढून घेता येतो, पुढे प्राणी बाळगायला मनाईही करता येते. मात्र मनाई हवी असेल तर ती मागणी मूळ तक्रारीतच लिहिलेली असावी लागते. बहुतेकांचं नेमकं इथेच राहून जातं.

"पोलीस घरात येऊ शकत नाहीत."

(एफ) ते (आय) हे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि "कोर्टात जा" म्हणतात. तेवढ्यावर परत फिरू नका. कलम 34 नुसार शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, या कायद्याखालच्या कुठल्याही गुन्ह्यात प्राणी जप्त करून न्यायदंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो. बंद फ्लॅटसाठी कलम 33 आहे: लेखी माहितीवरून चौकशी करून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त झडतीचं वॉरंट काढू शकतात. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे आयुक्तालय आहे. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या.

अर्जात फ्लॅट क्रमांक, तारीखवार काय दिसलं, दोन साक्षीदार आणि उपकलमं लिहा. फोटो स्वतःच्या खिडकीतून किंवा सामाईक जागेतून काढा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. कुलूप तोडू नका. कुत्रा सुटेल, पण घरात घुसल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल. जीव धोक्यात दिसला तर 112 लावा, सेक्रेटरीला सोबत घ्या, पोलिसांसमोर दार उघडू द्या आणि पंचनामा करून घ्या.

आणि मुदत: कलम 36 नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल होत नाही. मे महिन्यात काढलेले फोटो दिवाळीत घेऊन गेलात तर काही उपयोग नाही.

"भटक्याला मालक नाही, मग गुन्हा कसला?"

कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कलम 11(1)(एल) मध्ये तर भटक्या कुत्र्यांचा नावानिशी उल्लेख आहे. अंग तोडणं किंवा क्रूरपणे ठार मारणं हा त्याखाली दखलपात्र गुन्हा आहे, इथे एनसी नाही, एफआयआर. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 325: प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत 10 की 50 रुपये यावर शिक्षा ठरायची, तो हिशेब आता गेला.

विषप्रयोगाची प्रकरणं पडतात ती पुराव्यावर. मेलेला कुत्रा लोक हळहळून लगेच पुरतात. तसं करू नका. शव प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेरून बर्फ लावा, गोठवू नका, कारण गोठलेल्या ऊतींची तपासणी नीट होत नाही. ओकारी आणि जवळ पडलेलं खाणं वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत ठेवा, हातमोजे घालून. पंचनामा झाल्यावर शासकीय पशुवैद्याकडून शवविच्छेदन आणि सीलबंद व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीला पाठवण्याची मागणी लेखी करा. महापालिकेची गाडी शव उचलून गेली की यातलं काहीच होत नाही. तेव्हा आधी 112, स्वच्छता विभागाला फोन त्यानंतर.