‘आधार आहे ना, मग झालं!’ नव्या माणसाच्या कागदपत्रांवरचा फिरता मेसेज कुठे चुकतो

मुंबईतल्या दुकानदारांच्या, सोसायट्यांच्या आणि लहान कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आधार कार्ड असेल तो भारतीय, बिनधास्त कामावर घ्या, नेपाळी असेल तर वर्क परमिट मागा, परप्रांतीयाकडून डोमिसाईल घ्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा म्हणजे माणूस पळत नाही, आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालं की मालकाची जबाबदारी संपली. हेतू चांगला असेलही, पण यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही, आणि दोन-तीन तर मालकालाच गोत्यात आणणारे आहेत.

‘आधार असेल तो भारतीय’

२०१६च्या आधार कायद्याचं कलम ९ वाचलं तरी हा मुद्दा निकालात निघतो. आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आधार मिळतं ते रहिवाशाला, म्हणजे अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्याला. पवईत नोकरी करणाऱ्या जपानी इंजिनियरकडे अगदी रीतसर आधार असू शकतं. पॅनचंही तेच, परदेशी नागरिकासाठी वेगळा फॉर्मच आहे.

जन्मतारखेसाठीही आधारवर विसंबू नका. १६ जानेवारी २०२४च्या परिपत्रकाने ईपीएफओने, म्हणजे पीएफचा कारभार बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारीख असलेलं बोर्डाचं प्रमाणपत्र मागा. हे नुसतं फाइल भरण्यापुरतं नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर लावलं तरी हीच शिक्षा. ‘आधारवर १९ लिहिलं होतं’ या सबबीवर फार भिस्त ठेवू नका.

मग आधार कशाला? समोरचा माणूस तोच आहे का, एवढ्यासाठी. आणि तेही झेरॉक्सवरून कळत नाही. छापलेलं नाव, फोटो, तारीख कोणीही नाक्यावरच्या सायबर कॅफेत बदलून आणतो. क्यूआर कोडमधला मजकूर मात्र आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या डिजिटल सहीचा असतो. म्हणून यूआयडीएआयच्याच अॅपने कोड स्कॅन करा, पडद्यावर येणारा फोटो माणसाशी आणि मजकूर कार्डाशी ताडून बघा. साध्या क्यूआर स्कॅनरने नुसती आकड्यांची लांबलचक रांग दिसते. त्यावरून कार्ड खोटं ठरवून माणसाला हाकलू नका. लॅमिनेशनची चमक किंवा झेरॉक्सचीही झेरॉक्स असेल तर कोड उचलला जात नाही. अशा वेळी माणसाला त्याच्याच मोबाइलवर ताजं ई-आधार उतरवायला सांगा. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. इथे बरेच जण अडकतात.

पॅनवर एक नजर टाकली तरी पुष्कळ कळतं. दहा खुणांपैकी चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. आडनाव पवार आणि पाचवं अक्षर ‘एस’ असेल तर विचारा. लग्नाआधीचं आडनाव हे साधं उत्तर असू शकतं. पॅन चालू आहे का, ते आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर तपासता येतं. माणसाने डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी अॅप) दाखवला तर कागद ‘इश्यूड’ खाली आहे की माणसाने स्वतः चढवलेल्या फाइलींत, ते बघा. पहिला थेट संबंधित खात्याकडून येतो आणि मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. दुसरा म्हणजे नुसता मोबाइलने काढलेला फोटो.

आता नागरिकत्व. खासगी नोकरीत प्रत्येक भारतीयाकडून नागरिकत्वाचा पुरावा गोळा करा, असं मालकाला सांगणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत कामाचा हक्क तपासण्यासाठी आय-९ नावाचा फॉर्म आहे. अंधेरी-बीकेसीतल्या काही ऑफिसांना अमेरिकेतल्या मुख्यालयाकडून त्याच फॉर्मची कागदांची यादी येते आणि ती इथल्या भारतीय मुलांनाही लावली जाते, तो उगाचचा खटाटोप. जॉइनिंग फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना ठेवा, त्याखाली सही घ्या, पासपोर्ट असेल तर बघा. आणि बोलीवरून देश ठरवू नका. २०२५ साली मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं आणि नंतर परत आणावं लागलं. ते भारतीयच होते.

माणूस परदेशी असेल तर मात्र प्रश्न व्हिसाचा. पगारी नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा, आणि त्यासाठी पगार सर्वसाधारणपणे वर्षाला १६.२५ लाखांच्या वर असावा लागतो. परदेशी पद्धतीचे स्वयंपाकी, दुभाषे, इंग्रजी सोडून इतर परदेशी भाषांचे शिक्षक यांना यातून सूट आहे. बिझनेस व्हिसावर किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी चालत नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा त्या-त्या कंपनीशी बांधलेला असतो, म्हणून ‘आधीच्या कंपनीचा व्हिसा अजून वर्षभर आहे’ याला अर्थ नाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर सहसा आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मुंबईचं एफआरआरओ सीएसएमटीजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे. ओसीआय कार्डवाल्याला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पत्रकारिता, संशोधन, मिशनरी काम अशा मोजक्या क्षेत्रांत आधी परवानगी घ्यावी लागते.

‘नेपाळ्याकडून वर्क परमिट घ्या’

कुठून घेणार? असं परमिटच नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. भूतानच्या नागरिकांचंही तसंच. मुंबईतले कित्येक वॉचमन आणि चायनीजच्या गाड्यांवरचे आचारी बघता हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. ओळखीसाठी नेपाळी पासपोर्ट किंवा त्यांचं नागरिकता प्रमाणपत्र बघा. पीएफचा नवा यूएएन (माणसाचा कायमचा पीएफ क्रमांक) १ ऑगस्ट २०२५पासून सरकारी उमंग अॅपवर चेहरा दाखवूनच काढावा लागतो, पण नेपाळ-भूतानच्या कामगारांना त्यातून वगळलंय. त्यांच्यासाठी मालकाने जुन्याच पद्धतीने काढायचा. हे माहीत नसल्यामुळे ‘आधार नाही, म्हणून पीएफ नाही’ असं सांगून त्यांचा पीएफ बुडवला जातो.

‘डोमिसाईल हवंच’

खासगी नोकरीला नको. देशात कुठेही राहून काम करायचा हक्क घटनेच्या कलम १९नेच दिलाय. डोमिसाईल राज्य सरकारी भरतीला, रिक्षा-टॅक्सीच्या परवान्याला लागतं. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांना स्थानिक भरतीची अट असते, पण ती त्या उद्योगांपुरती.

‘मूळ कागद ठेवून घ्या’

हा सगळ्यात घातक सल्ला. दुसऱ्याची वस्तू येणं वसूल होईपर्यंत अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ने बँका, वकील अशा मोजक्यांना दिलाय. त्या यादीत मालक नाही. पासपोर्ट तर सरकारची मालमत्ता. मार्कशीट अडकवून नोटीस पिरियड वसूल करायला गेलात तर उलट तुमच्यावरच तक्रार होईल. मूळ कागद समोर बघा, प्रतीवर माणसाची सही घ्या, ‘मूळ पाहिले’ लिहून तारीख टाका आणि कागद तिथल्या तिथे परत द्या. आधारची प्रत ठेवायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. या प्रती ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची सवय आताच सोडलेली बरी: २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहितीची सुरक्षा न राखल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे.

‘पोलीस व्हेरिफिकेशन झालं की सुटलो’

चारित्र्य पडताळणीचा दाखला गुन्ह्यांच्या नोंदींबद्दल बोलतो. वय, शिक्षण, अनुभव, व्हिसा यांची हमी तो देत नाही. सुरक्षा रक्षकांसाठी २००५च्या कायद्याने पडताळणी एजन्सीवर बंधनकारकच आहे, तिची प्रत मागा. पण कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसाचा पीएफ भरला गेला नाही, तर वसुली मूळ मालकाकडूनही होऊ शकते. म्हणून कंत्राटदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं पीएफ चलन आणि त्यातली नावं बघा. ड्रायव्हरचं लायसन्स परिवहनच्या साइटवर तपासा. ‘एमएच०३ २०२१…’ अशा क्रमांकात आरटीओपुढचे चार आकडे लायसन्सचं वर्ष सांगतात. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याला त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

खरी अडचण बहुतेकदा खोट्या कागदांची नसतेच, न जुळणाऱ्या नावांची असते. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेत आडनाव आधी. दुरुस्तीचा क्रम पाळा: आधी आधार, मग पॅन आणि बँक, शेवटी यूएएन. लग्नानंतरच्या बदलाला सहसा विवाह प्रमाणपत्र पुरतं, एरवी चर्नी रोडच्या सरकारी मुद्रणालयाचं गॅझेट, म्हणजे राजपत्रातली नावबदलाची नोंद. नियुक्तिपत्र आधारवरच्याच नावाने द्या. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल, म्हणजे दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१ हजारांपर्यंत, तर रुजू झाल्यापासून १० दिवसांत नोंदणी करा; अपघात नोंदणीची वाट बघत नाही. आणि जुना यूएएन आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. नवा काढून बसलात तर दोन खाती जोडायचं काम पुढे त्या माणसाच्या गळ्यात पडतं. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती त्याला स्वतःच्या लॉगिनमधून टाकता येते.